शिबिर घ्यावं की दुकान बंद करावं? एका सरपंचताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळला का ते तुम्हालाही दिसेल. यवतमाळ जिल्ह्यातलं चारेकशे उंबऱ्यांचं, कापूस-सोयाबीनचं गाव. परवान्याचं देशीचं एक दुकान, शिवाय हातभट्टीचे दोन अड्डे. दीड वर्षात गावात दोन आत्महत्या. एक रोज पिणारा शेतकरी. दुसरी एक बाई, जिच्या घरात कुणी दारूला शिवत नव्हतं. ग्रामपंचायतीकडे थोडा पैसा आहे. पुरुष मंडळी म्हणतात, व्यसनमुक्तीचं मोठं शिबिर घ्या, नामवंत व्याख्याता आणा, सगळ्यांना शपथ द्या. बचत गटाच्या बाया म्हणतात, आधी दुकान बंद करा. पैसा आणि ताकद कशावर लावू, असं तुम्ही विचारलंय.

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर, म्हणजे मानसोपचार पथकातली समाजसेविका आहे. विदर्भात सरकारी दवाखान्यांच्या मानसिक आरोग्य पथकांबरोबर बरीच वर्षं काम केलं, त्यातला मोठा भाग गावांतून फिरण्यात गेला. माझं मत आधीच सांगून टाकते: शिबिर घेऊ नका, निदान जसं ठरतंय तसं तर नकोच. दुकानाचा लढा योग्य आहे, पण एकटा पुरणार नाही. आणि त्या दुसऱ्या मृत्यूला, त्या बाईच्या, या दोन्ही उपायांत जागाच नाही. मला तीच सगळ्यात मोठी अडचण वाटते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या इथे बसून मला ठरवता येणार नाहीत. तुमच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) खरंच हजर असतो का? तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते आणि तिथे औषधं मिळतात का? हातभट्टी चालवणारे गावातलेच, सोयरेधायरे आहेत की बाहेरचे? या तीन उत्तरांवर पुढचा क्रम बदलेल.

आता मुळाकडे येऊ. दारूचा विषय निघाला की गाव बोटावर मोजता येतील एवढी नावं घेतं. तोच तो पारावर पडलेला, तोच बायकोला मारणारा, तोच शेत विकलेला. बाकीचे 'घेतात थोडी'. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८०च्या दशकात एक गोष्ट ठासून मांडली, ती इथे लागू पडते. जास्त धोका असलेली माणसं थोडी असतात आणि मध्यम धोक्याची खूप; म्हणून एकूण नुकसानीचा बराच वाटा त्या मधल्या मोठ्या गटातून येतो. गावच्या भाषेत सांगायचं तर बाजाराच्या दिवशी क्वार्टर मारून मोटरसायकलवर परतणारा, मजुरीच्या पैशातून रोज दीडशे-दोनशे उडवणारा, सणाला भांडण करून डोकं फोडून घेणारा, हे गावाच्या 'दारुड्यां'च्या यादीत नसतात. पण अपघात विभागात, सावकाराच्या वहीत आणि घराघरांतल्या मारहाणीत तेच जास्त दिसतात. व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये, साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. मापाच्या हिशेबाने ते सहा पेग झाले. तो माणूस मात्र सांगतो, "एकच घेतली."

शिबिराला या मधल्या गटातलं कुणी येत नाही, कारण त्यांच्या लेखी ते व्यसनी नाहीत. येतात ती यादीतली नावं, बायका ओढून आणतात म्हणून. आणि नेमका त्यांनाच शिबिराचा धोका असतो. हे नीट वाचा, कारण यात जीव जाऊ शकतो.

जो माणूस सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतो म्हणून घेतो, न घेतल्यास घाम फुटतो, त्याचं शरीर दारूवर चालायला लागलेलं असतं. त्याने व्याख्यान ऐकून, हातात पाणी घेऊन शपथ वाहिली आणि त्याच रात्री दारू तोडली, तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, अंग तापतं, बडबड सुरू होते. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. गावात याला 'बाहेरचं लागलं' समजून देवऋष्याकडे नेतात. खरं तर त्याला काही दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली कमी-कमी करत जाणाऱ्या गोळ्या आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागतात. ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन द्यायचं असतं, हे खेड्यातल्या खाजगी दवाखान्यातून कधीकधी निसटतं. म्हणून सामूहिक शपथ नको. सकाळी थरथर होणाऱ्या माणसाने दारू सोडायची ती दवाखान्याचा आधार घेऊनच.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. तुमच्या गावातल्या निम्म्या बायांनी 'चहातून द्यायचं औषध' कुठून तरी आणलेलं असेल, किंवा आणण्याच्या विचारात असतील. पानटपरीवर जाहिरात असते, पुडी पोस्टाने येते. त्या पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही, पण पुष्कळदा डायसल्फिराम निघतं. ते औषध चांगलं आहे, आम्हीही वापरतो. पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, हृदय आणि यकृत तपासून. हे औषध पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. न सांगता दिलेलं असेल तर त्याला आपण काय टाळायचं हेच माहीत नसतं. बायांना यावरून रागावू नका. त्यांनी सगळे उपाय करून पाहिलेले असतात, हा शेवटचा असतो. फक्त त्यांना धोका सांगा आणि दवाखान्याचा वार सांगा.

मग मधल्या गटासाठी काय करायचं? इथे आपल्या शेजारच्या गोव्यातलं एक काम सांगते. 'संगत' या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. धोकादायक पातळीवर पिणाऱ्या पुरुषांशी, मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार वेळा बसून बोलायचं. बोलायचं म्हणजे उपदेश करायचा नाही. तुझ्या पिण्याचं तुला काय वाटतं, त्याने काय बिघडलंय, कमी करायची तर कोणत्या वेळी अडचण येते, मित्राने आग्रह केला तर काय म्हणशील, असं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनंतर धोक्याच्या पातळीतून बाहेर आलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के होतं, तर नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत २६ टक्के. मागच्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले ४२ टक्के विरुद्ध १८ टक्के. जे पीत राहिले त्यांच्या पिण्याच्या प्रमाणात मात्र फारसा फरक पडला नाही, हेही त्याच चाचणीत दिसलं. म्हणजे चमत्कार नाही. पण चार बैठकींत एवढं होत असेल, तर मंडप, ध्वनिक्षेपक आणि सत्काराच्या शालींपेक्षा तो पैसा कुठे जावा हे उघड आहे.

दहा जोरदार भाषणांपेक्षा एकट्यात विचारलेला एक साधा प्रश्न जास्त काम करतो, असा माझा अनुभव आहे. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' नावाची प्रश्नावली आहे, ४० गुणांची. किती वेळा घेता, एका बैठकीत किती, घरच्यांनी कधी काळजी व्यक्त केली का, असे प्रश्न. आठ किंवा जास्त गुण आले की बोलायला हवं, वीस किंवा जास्त आले की डॉक्टरकडे पाठवायला हवं. पाच मिनिटांत भरून होते. गंमत अशी की अर्ध्या लोकांना आपला आकडा ऐकूनच धक्का बसतो. "म्हणजे मी एवढा?" तिथून बोलणं सुरू होतं. भजनी मंडळ असो की कबड्डीचा संघ, ही प्रश्नावली चारचौघांत कधीच घ्यायची नाही. चारचौघांत प्रत्येकाचे गुण शून्य येतात.

हे करायला माणसं कुठून आणायची? तुमच्याकडे आहेत. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई 'सीबॅक' नावाचा फॉर्म भरतात. त्यात तंबाखू-दारूचा प्रश्न आहे आणि शेवटी मनाच्या स्थितीचे दोन प्रश्नही आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, उदास-हताश वाटलं का. अनेक गावांत हे दोन प्रश्न न विचारताच 'नाही'वर खूण होते. मी आशांना दोष देत नाही. त्यांच्या माथी किती फॉर्म आहेत ते तुम्ही रोज पाहता, आणि 'हो' आलं तर पुढे काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही सरपंच म्हणून एवढं केलं तरी मोठं काम होईल: समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला बोलावून विचारा, की यात 'हो' आलेली माणसं किती, आणि त्यांचं पुढे काय झालं. नावं मागू नका, तो तुमचा अधिकार नाही आणि गावात नावं फुटली तर सगळं बुडेल. फक्त आकडा मागा, दर तीन महिन्यांनी.

आता दुकानाबद्दल. बाया बरोबर आहेत. दारू जितकी हाताशी आणि स्वस्त, तितकी जास्त पितात, आणि तितकं नुकसान जास्त. यावर जगभर फार वाद उरलेला नाही. आपल्या राज्यात बाटलीच्या मतदानाची, म्हणजे दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर मत देण्याची सोय आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेता येतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं 'आडव्या बाटली'ला पडली तर दुकान बंद. लक्षात घ्या, झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या एकूण नावांच्या निम्मी. म्हणून मजुरीला बाहेरगावी गेलेल्या, माहेरी गेलेल्या, मयत झालेल्या पण यादीत राहिलेल्या नावांचा हिशेब आधी करा. पुष्कळ गावं तिथेच हरतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मतदान लागू देऊ नका. आणि आजच्या घडीचा नियम राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयातून लेखी घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

पण दुकान बंद झाल्यावर काय? तुमच्या शेजारीच उदाहरणं आहेत. वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. वर्ध्याला दारू मिळत नाही असं तुम्हीही म्हणणार नाही. गडचिरोलीत कायदा झाल्यावर वीसेक वर्षांनी, २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम सुरू करावा लागला. गावागावांत संघटना, अवैध विक्रीवर कारवाईचा पाठपुरावा, आणि व्यसनींसाठी तालुक्यात उपचार, हे सगळं एकत्र. मी त्यातून काढलेला अर्थ एवढाच की बंदीने सुरुवात होते, तिला रोज राखावं लागतं. तुमचं दुकान बंद झालं की हातभट्टीचे दोन अड्डे चार होतील, हे धरूनच चला. हातभट्टीत काय मिसळतात ते कुणालाच माहीत नसतं. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. म्हणून क्रम उलटा ठेवा असं माझं सांगणं: आधी हातभट्टी, मग दुकान. हातभट्टी मुळातच बेकायदा आहे, तिच्यासाठी मतदान लागत नाही. दारू गाळणारं घर बहुधा गरीब असतं, कधी कधी विधवेचं. नुसती धाड घातली तर आठ दिवसांत पुन्हा चूल पेटते. त्या घराला रोजगार हमीचं काम, शेळ्या, काहीतरी दुसरं हाताशी दिल्याशिवाय ते टिकत नाही. हे काम पोलिसांचं नाही, ग्रामपंचायतीचं आहे.

आणखी एक गोष्ट, जी आंदोलनाच्या भरात विसरली जाते. दुकान ज्या दिवशी बंद होणार त्याच्या आधी दवाखान्याची व्यवस्था लावा. सकाळी थरथरणाऱ्या लोकांची दारू एका दिवसात तुटली तर वर सांगितलं तेच होईल, फक्त एकाच वेळी पाच-सहा घरांत. देशभरात उपचारांची स्थिती काय आहे बघा. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळाल्याचं दिसलं. दाखल होऊन उपचार घेतलेला तर १८० जणांत एक. तुमच्या गावात एकही नसेल तर आश्चर्य नाही.

कुणाला केंद्रात दाखल करायची वेळ आलीच, तर एवढं बघा: केंद्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेलं आहे का, डॉक्टर रोज येतो का, नातेवाइकांना भेटू देतात का. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. 'गाडी पाठवतो, माणूस उचलतो, तीन महिने फोनही नाही' असं कुणी सांगितलं तर तिथून परत या, फी कितीही कमी असो. आणि केंद्रातून सुटून आल्यानंतरचे पहिले तीन महिने हेच खरं अवघड असतात. त्या काळात पारावरचे मित्र, तोच रिकामा दुपारचा वेळ, तीच पगाराची तारीख समोर असते. तालुक्याला दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा भरत असेल तर आठवड्यातून एकदा तिथपर्यंत जायचं भाडं ग्रामपंचायतीने द्यावं. सभेला फी नसते, अडतं ते येण्याजाण्यावर. घसरला तर 'पुन्हा गेला कामातून' म्हणू नका. हा आजार असाच जातो-येतो, मधुमेहाची साखर वाढली की आपण डॉक्टर बदलत नाही.

इथवर दारू झाली. आता त्या बाईबद्दल.

तुम्ही लिहिलंय, "तिला काही त्रास होता असं कुणालाच वाटलं नाही." मला ती बाई माहीत नाही आणि तिच्याबद्दल अंदाज बांधणार नाही. पण गावात फिरताना एक चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. बाई दर पंधरा दिवसांनी उपकेंद्रात येते. डोकं दुखतं, कंबर दुखते, झोप नाही, भूक नाही. तिला कॅल्शियम आणि दुखण्याची गोळी मिळते. 'उदास वाटतं' हे ती कधीच म्हणत नाही. म्हणते, "टेन्शन आहे", "जीव लागत नाही", "डोक्यात विचार थांबत नाहीत." या शब्दांना आशा, अंगणवाडीताई आणि सीएचओ यांनी कान दिला पाहिजे. अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा प्रकल्प तीस गावांत झाला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचलेले आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. त्यात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बोलणं, गटांच्या बैठका, आणि ज्यांना जास्त त्रास त्यांना डॉक्टरकडे पोचवणं, एवढंच होतं. गोव्यातल्याच दहा केंद्रांत नैराश्यासाठी केलेल्या सहा-आठ बैठकींच्या समुपदेशनाने तीन महिन्यांत ६४ टक्के लोक बरे झाले, नेहमीच्या सेवेत ३९ टक्के. तिथे शिकवलेली मुख्य गोष्ट अगदी साधी होती: मन लागायची वाट न पाहता दिवसाची एक-दोन छोटी कामं ठरवून परत सुरू करायची.

आत्महत्येचा विषय आपल्याकडे 'शेतकरी आणि कर्ज' या चौकटीतच बघितला जातो. कर्ज खरं आहे, नापिकी खरी आहे, त्यावर वेगळं लढायला हवं. पण त्या चौकटीबाहेर राहिलेल्यांची संख्या फार मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या. देशभरात सर्वांत मोठा गट रोजंदारीवर जगणाऱ्यांचा, सुमारे एक चतुर्थांश. सातबारा ज्यांच्या नावावर नाही अशी माणसं, बायाही, पंचनाम्यात बसत नाहीत आणि गावाच्या काळजीतही.

आता तुमच्या हातात असलेली, आणि माझ्या मते सगळ्यात कमी केली जाणारी गोष्ट. कीटकनाशकं. आत्महत्येचा विचार बहुतेकांत लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या घटकेला हाताशी काय आहे यावर पुष्कळ ठरतं. श्रीलंकेने १९८०च्या दशकापासून सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला, आणि पीक काही घटलं नाही. हा निर्णय सरकारचा आहे, तुमचा नाही, हे मान्य. घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटाव्यात असं सुचवणारे भेटतील. श्रीलंकेतच १८० गावांत ते करून पाहिलं, आणि २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत त्याचा उपयोग झाल्याचं दिसलं नाही. तेव्हा पेट्यांवर पैसे घालू नका. त्यापेक्षा घरात साठाच कमी राहील असं बघा. लागेल तेवढंच आणायचं, उरलेलं माळ्यावर ठेवायचं नाही, कमी जहाल पर्याय कृषी सहायकाला विचारायचा, बायकोमुलांच्या हाती लागेल अशा उघड्या बाटल्या नकोत. कृषी केंद्रवाल्याशी बोलून ठेवा: कुणी हंगाम नसताना, पीक न सांगता, अस्वस्थ होऊन मागायला आलं तर 'उद्या ये, माल संपलाय' म्हणायचं आणि घरच्यांना फोन करायचा.

हे गावात आत्महत्येच्या नावाखाली बोललात तर लोक उठून जातील. २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, ते सगळ्यांना आठवतं. फवारणीच्या सुरक्षिततेची बैठक म्हणून बोलवा. मास्क, हातमोजे, साठवण, बाटल्यांची विल्हेवाट. साठवणीचा मुद्दा त्यातच येतो आणि कुणाला टोचत नाही.

ज्याने एकदा प्रयत्न केला आणि वाचला, त्याला सर्वांत जास्त धोका असतो, आणि नेमकं त्याच घराकडे गाव जायचं टाळतं. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या ठिकाणी एक पाहणी केली होती. प्रयत्नानंतर दवाखान्यात तासभर बोलणं, आणि पुढच्या दीड वर्षात ठरावीक अंतराने नऊ वेळा फोन किंवा भेट. ज्यांना हा संपर्क मिळाला त्यांच्यात आत्महत्येने झालेले मृत्यू ०.२ टक्के, ज्यांना नाही मिळाला त्यांच्यात २.२ टक्के. औषध नवं नव्हतं, कुणीतरी विचारायला येत होतं. पोलिसांच्या भीतीने लोक लपवतात, तर ग्रामसभेत स्पष्ट सांगा: २०१७च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. आणि थेट विचारलं तर माणसाच्या डोक्यात विचार घुसेल, ही भीती सोडा. "जीव नकोसा वाटतो का? काही करून घ्यावंसं वाटतं का?" असं शांतपणे विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बहुतेकांना हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातलं विषारी औषध हलवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

तुमच्या घरातल्या पैशांचा हिशेब मला माहीत नाही, पण ग्रामपंचायतीचा मी असा लावेन. पहिला खर्च तालुक्याच्या मानसोपचार ओपीडीच्या वारी एक गाडी, वर्षभर. त्या गाडीत दारूवाला, झोप न येणारी बाई, फिटचा रुग्ण, सगळे एकत्र बसतील, म्हणजे कुणावर शिक्का बसत नाही. दुसरा, गावातल्या दोन-तीन माणसांचं प्रशिक्षण आणि मानधन. निवडताना शिकलेला कोण ते बघू नका, कोणाजवळ लोक आपणहून मन मोकळं करतात ते बघा. दारू सोडून दोनेक वर्षं टिकलेला एखादा माणूस असेल तर त्याला नक्की घ्या. त्यांना शिकवायला जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य पथकाला ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र द्या, तोंडी नको. तिसरा, ग्रामपंचायतीची एक खोली आठवड्यातून एक दुपार रिकामी, फलक न लावता. खर्च शून्य, पण चावी कुणाकडे हे ठरवा.

शाळेबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. कॅन्सरच्या जबड्यांची पोस्टर्स लावून मुलं तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडत नाहीत, दोन दिवस घाबरतात आणि तिसऱ्या दिवशी हसतात. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, गुटखा तर राज्यात २०१२ पासूनच बंद. टेप घेऊन अंतर मोजा आणि त्या टपऱ्या हलवा. एवढं एक काम मास्तरांच्या वर्षभराच्या भाषणांना भारी पडेल.

आणि गावाला कार्यक्रम हवाच असेल, पुरुष मंडळी ऐकतच नसतील, तर व्याख्यात्याऐवजी सीएचओ आणि तालुक्याच्या डॉक्टरला बोलवा. शपथ ठेवू नका. मंदिरामागे किंवा शाळेत एक बंद खोली ठेवा, जिथे रक्तदाब तपासायला म्हणून माणूस आत जाईल आणि तिथे त्याला ते दहा प्रश्न विचारले जातील. बीपी तपासायला सगळे येतात.